मालनची पाव्हणी

मालन श्वास घेत नव्हती. तोंड मिटलेलं, छाती जागची हलत नव्हती, आणि ती मात्र दवाखान्याच्या पलंगावर मांडी घालून, हातवारे करून नवऱ्याला सांगत होती की चहात साखर कमी आहे.

सर्जेरावांनी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांच्या हातातला थर्मास पडता पडता राहिला होता. आता सवय झाली होती. माणूस कशालाही सरावतो म्हणतात ते खोटं नाही.

"अगं, तोंडानं सांग की," ते म्हणाले.

मालनला जणू आठवण झाली. तिनं बोलण्यापुरता एक श्वास आत घेतला. "साखर कमी हाय," असं म्हणून ती पुन्हा गप्प झाली. पुढचा श्वास तिनं घेतला तो चहा फुंकायला.

हे सगळं चाललं होतं तिच्या कमरेच्या पेटीवर. पेटी जेवणाच्या डब्याएवढी, पट्ट्यानं बांधलेली. तिच्यातून एकच नळी निघून मालनच्या मानेत गेलेली. त्या नळीला आत दोन वाटा होत्या. एकीनं काळपट रक्त पेटीत यायचं, दुसरीनं लालभडक होऊन परत जायचं. डॉक्टर त्या पेटीला उपफुप्फुस म्हणत. मालननं तिचं नाव ठेवलं होतं पाव्हणी. "पाव्हणी आलीया आणि घरातली सगळी कामं हीच करतीया," असं ती म्हणे. "घरच्यास्नी निजायला सांगितलंया."

घरचे म्हणजे तिची स्वतःची फुप्फुसं. त्यांना खरोखरच निजवलं होतं. त्या हिवाळ्यात फ्लूची एक नवी, खुनशी जात आली आणि पंचगंगेकाठच्या त्यांच्या गावातून तिनं नेमकी मालन उचलली. आयुष्यात कधी सर्दीला न जुमानलेली बाई. आधी ताप, मग धाप, आणि तिसऱ्या दिवशी ओठ जांभळे. कोल्हापूरच्या रुग्णालयात आणलं तेव्हा तिच्या फुप्फुसांचे फोटो पांढरेशुभ्र होते. जिथं हवा असायची तिथं पाणी भरलं होतं. व्हेंटिलेटरनं हवा दाबून आत घालावी तर आधीच सुजलेली फुप्फुसं फाटायची भीती. तेव्हा डॉक्टर यास्मिन बागवान सर्जेरावांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, सुजलेल्या पायावर आपण चालत नाही. मग सुजलेल्या फुप्फुसांकडून काम कशाला करून घ्यायचं? त्यांना सुट्टी देऊ या."

डॉक्टर बागवान मिरजेच्या. वय चाळिशीच्या आतलं, आवाज हळू, आणि सांगायची हौस दांडगी. सर्जेरावांनी उभं आयुष्य दूध संघात फॅट तपासण्यात घालवलं होतं, त्यामुळे यंत्राबद्दल त्यांना भीतीपेक्षा कुतूहल जास्त. डॉक्टरांनी त्यांना आधी फुप्फुसाचं सांगितलं. आतले सगळे फुगे उसवून जमिनीवर अंथरले तर कबड्डीचं जवळजवळ अख्खं मैदान झाकलं जाईल. एवढ्या मोठ्या चादरीच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला रक्त. प्राणवायू इकडून तिकडे जातो, कार्बन डायऑक्साइड तिकडून इकडे येतो. पेटीत हेच काम केसाहून बारीक अशा हजारो पोकळ नळ्या करतात. नळ्यांच्या आतून प्राणवायू, बाहेरून रक्त.

"म्हंजे आमच्या चिलिंग प्लँटागत," सर्जेराव म्हणाले. "एका अंगानं दूध, दुसऱ्या अंगानं गार पाणी, मधी पातळ पत्रा. दूध काय पाण्यात मिसळत न्हाई, पण उष्णता पलीकडं जाती."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त दूध पत्र्यावर रागावत नाही. रक्त रागावतं."

खरी गोम तीच होती. असली यंत्रं पूर्वीही होती, पण ती कपाटाएवढी. अंगठ्याएवढ्या जाड नळ्या, आणि बहुतेकदा रुग्णाला गुंगीत ठेवलेलं. रक्त परक्या प्लॅस्टिकला शिवलं की गोठायला बघायचं. ते गोठू नये म्हणून औषध द्यावं तर भलतीकडेच रक्तस्राव सुरू. इकडे आड, तिकडे विहीर. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचा एक पातळ थर असतो, आणि त्याला शिवलं की रक्ताला घरच्यासारखं वाटतं. तसल्या पेशी वाढवून त्यांचं अस्तर या बारीक नळ्यांवर चढवलं, आणि रक्त निमूटपणे वाहू लागलं. माणसं यंत्र कमरेला लावून उठून बसू लागली, चालू लागली, चहाला नावं ठेवू लागली.

हे ऐकून सर्जेरावांनी त्या पेटीला दोन्ही हात जोडून नमस्कार केला होता. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनाही ती पेटी बघून रोज थोडंसं तसंच वाटायचं.

आता मालन कोण, हे सांगायला हवं. शिरोळ तालुक्यात कुणालाही विचारा. मालन खराडे म्हणजे चढाई. तिनं मध्यरेषा ओलांडली की समोरच्या सातजणी मागे सरकायच्या. ज्या गुरूंकडे ती शिकली त्यांची एकच शिकवण होती. श्वास आपल्या अंगणात घ्यायचा, परक्या अंगणात नाही. तिकडे 'कबड्डी कबड्डी' सुटता कामा नये. जीव गेला तरी चालेल, दम तुटला नाही पाहिजे. वयात आल्यापासून तिनं एवढंच घोटलं होतं. खेळ सुटल्यावर ती गावातल्या अंबिका मंडळाच्या मुलींना शिकवू लागली. पोटी मूल नव्हतं, पण दर वर्षी दहा-बारा लेकी नव्यानं मिळत.

आणि सर्जेराव? नाव सर्जेराव, पण मांजर आडवं आलं तर थांबून त्याला आधी जाऊ देणारा माणूस. आयुष्यात कधी मैदानात उतरले नाहीत. बायकोचा मात्र एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता. बाकावर बसून ते तिच्या ओठांकडे बघत राहायचे आणि नकळत स्वतःचाही श्वास कोंडून धरायचे. एकदा त्यांनाच घेरी आली होती. गावानं त्यावर वर्षभर करमणूक करून घेतली.

एका दुपारी मंडळाची कप्तान गौतमी आणि आणखी दोघी बाईंना भेटायला आल्या. काचेपलीकडून बोलायचं, मध्ये स्पीकर. गौतमी उंच, काटक, बोलायला धीट.

"बाई, श्वास न घेता किती येळ ऱ्हाता?" तिनं विचारलं.

मालनचे डोळे चमकले. तिनं बोटानं खूण केली, चला, तुम्हीपण. तिघींनी गाल फुगवून श्वास धरला. थोड्या वेळात एक फुटली, मग दुसरी. गौतमी लालबुंद होईपर्यंत टिकली आणि शेवटी भिंतीला टेकली. मालन शांतपणे नखं कापत बसली होती.

"बाई, तुमच्यासारखा दम उभ्या देशात कुणाकडं न्हाई!" गौतमी ओरडली.

मागं डॉक्टर बागवान उभ्या होत्या. मुली गेल्यावर त्या मालनजवळ बसल्या. "मालनताई, हा दम तुमचा नाही बरं. श्वास कोंडला की जीव घाबरतो ना, तो प्राणवायू कमी झाला म्हणून नाही. कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. तो वाढला की मेंदूच्या देठातली घंटा वाजते, घे, घे, श्वास घे. तुमची पेटी तो साठूच देत नाही. त्यामुळे घंटा वाजत नाही. एक दिवस पेटी काढायची आहे. तेव्हा ती घंटा ऐकायला लागेल आणि तिचं ऐकायलाही लागेल."

"ऐकतो की," मालन म्हणाली. त्या भागातल्या बायका 'आलो, गेलो' असंच बोलतात, आणि मालनला तर ते फारच शोभायचं.

तो दिवस लवकरच आला. फुप्फुसांचे नवे फोटो बघून डॉक्टर इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते मोबाइलवर सर्जेरावांना दाखवले. पांढरं धुकं विरलं होतं. पाव्हणीनं घर सांभाळलं आणि घरचे खरंच बरे झाले होते. आता चाचणी करायची. पेटीतून रक्त वाहू द्यायचं, पण नळ्यांतला प्राणवायू कमी करत करत बंद करायचा. मग फुप्फुसांनाच काम करावं लागणार.

"मालनताई, मी हवा कमी करते आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तयार? सुरू."

मालननं खोल श्वास घेतला. मान खाली घातली. आणि मग बराच वेळ काहीच नाही. दुसरा श्वास आला तो उशिरा, मग पुन्हा मोठा खंड. पडद्यावरचे आकडे चढायचे ते चढत गेले, पडायचे ते पडत गेले. ओठांवर पुन्हा तो जांभळा रंग आला, जो सर्जेरावांना जन्मात बघायचा नव्हता. धोक्याची पातळी येताच पेटीनं आपणहून प्राणवायू सुरू केला. मालनच्या गालांवर रंग परतला.

"हरलो व्हय?" तिनं विचारलं.

दोन दिवसांनी दुसरी चाचणी झाली. तीही तशीच गेली.

डॉक्टर बागवान त्या संध्याकाळी सर्जेरावांना व्हरांड्यात घेऊन गेल्या. "फुप्फुसं उघडली आहेत, काका. पण ती श्वासच घेत नाहीत. असं क्वचित होतं. पेटी इतकी नेमानं काम करते की मेंदूतली घंटा वापराविना गंजते. तसं असेल तर..." त्यांनी व्हरांड्याचं दार ओढून घेतलं. "पेटीचं अस्तर फार टिकत नाही. जास्त दिवस ठेवली तर जंतू शिरतात. घंटाच गेली असेल तर बदललेली फुप्फुसंही उपयोगाची नाहीत, मग घशात छिद्र पाडून कायमचं श्वसनयंत्र. आणि दोष फुप्फुसांत आमच्या नजरेतून सुटला असेल, तर प्रत्यारोपण. यातलं काय करायचं ते ठरवायला शुक्रवारी आमची समिती बसेल. त्याआधी सकाळी एक शेवटची चाचणी."

सर्जेरावांनी हे मालनला सांगितलं. सांगताना गोड करून सांगायचा प्रयत्न केला, पण तो माणूस दुधात पाणी घालायला कधी शिकलाच नव्हता.

"म्हंजे मैदान बंद," मालन म्हणाली.

"अगं, जीव ऱ्हायला तर..."

"गळ्यात नळी घालून घरात बसायचं. न्हाईतर दुसऱ्याची फुप्फुसं, जन्मभर गोळ्या, धूळ न्हाई, गर्दी न्हाई, पोरी जवळ यायच्या न्हाईत. मैदानाबिगरचा जीव तुमीच वापरा."

"आणि मी? मी कुणाबरोबर चहा प्यायचा?"

मालननं तोंड भिंतीकडे केलं. एरवी रुसली तर तिचे उसासे तरी ऐकू यायचे. आता तेही नव्हते, कारण पाव्हणी होती. ज्या पेटीला नमस्कार केला तिचा सर्जेरावांना त्या क्षणी भयंकर राग आला, आणि लगेच लाज वाटली. तिच्यावाचून आज पाठमोरी रुसायला बायको राहिलीच नसती.

डॉक्टर बागवान मात्र हातावर हात धरून बसणाऱ्या नव्हत्या. गंज आहे म्हणायचं तर तो दिसला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. मेंदूकडून छातीखालच्या पडद्याला, म्हणजे श्वास ओढणाऱ्या स्नायूला, जो हुकूम जातो तो टिपणारी एक पट्टी त्यांनी मालनच्या बरगड्यांवर चिकटवली आणि थोडा वेळच हवा कमी करून बघितली. मग त्या सर्जेरावांना शोधत आल्या. चेहरा गोंधळलेला, पण डोळे चमकत होते.

"घंटा गंजलेली नाही, काका. कानठळ्या बसतील अशी वाजते आहे. मेंदू ओरडतो आहे, श्वास घे म्हणून. पण दार आतून कुणीतरी धरून ठेवलंय. मी खोलीतलं चित्रण परत परत बघितलं. मला कळत नाही. तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता. बघता का?"

सर्जेराव बघायला बसले. चित्रात डॉक्टर म्हणतात, सुरू. मालन मोठा श्वास घेते. हनुवटी छातीकडे जाते. चादरीखाली डाव्या पायाची बोटं रोवली जातात. एक हात पुढे, बोटं फाकलेली. आणि ओठ हलताहेत, अगदी बारीक.

"डॉक्टर," सर्जेराव म्हणाले, "ही चढाईला गेलीया."

मग त्यांनी समजावून सांगितलं. जीव घाबरा झाला की साधा माणूस श्वास घेतो. मालनचं अंग तसं घडलेलंच नाही. जीव घाबरा झाला की तिचं अंग म्हणतं, आता तर मुळीच घ्यायचा नाही, घेतलास तर बाद. रेषा गाठेपर्यंत ओठ हलवत राहायचं. आणि पलंगावर रेषा कुठून येणार?

डॉक्टरांनी टेबलावर हलकेच थाप मारली. "आणि मीच त्यांना 'सुरू' म्हणून शिट्टी देत होते!"

निदान झालं, पण निदानानं रोग जात नाही. मालनला सांगितलं तेव्हा ती आधी खो खो हसली. मग म्हणाली, आता कळलं ना, झालं तर, घेतो श्वास. डॉक्टरांनी थोडीशी हवा कमी केली. सुरुवातीचे दोन-चार श्वास तिनं शहाण्यासारखे घेतले. पण आतून गुदमरायला लागलं तशी हनुवटी खाली गेली, बोटं फाकली, ओठ हलू लागले. सर्जेराव "घे, घे" ओरडत होते आणि ती घेत नव्हती. पोहता न येणाऱ्याला पाण्यात पडल्यावर काठावरून उपदेश केला तर त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढाच इथं झाला.

हवा परत सुरू झाल्यावर मालनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लग्नाला तीस वर्षं होत आली होती. सामना हरल्यावरसुद्धा सर्जेरावांनी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "अंग ऐकत न्हाई हो," ती म्हणाली. "मी लाख सांगतो, पर ते माझ्या आधीच पळतंय." त्यांनी तिचा हात धरला. तिला भीती वाटते आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळलं, आणि आपल्याला तिच्याहून जास्त वाटते आहे हेही.

गुरुवारी ते धुतलेले कपडे आणायला गावी गेले. एसटी स्टँडवरून घरी जायची वाट मैदानावरूनच. मुलींचा सराव चालला होता. सर्जेराव पिशवी खांद्याला लावून उभे राहिले. गौतमी चढाई करत होती आणि समोर सहा-सातजणी हातात हात गुंफून, साखळी करून मागे-पुढे झुलत होत्या. आयुष्यभर ते बाकावरून चढाई करणारीच्या ओठांकडे बघत आले होते. आज पहिल्यांदा त्यांची नजर पलीकडच्या बाजूला गेली.

त्या सगळ्याजणी श्वास घेत होत्या. मोठ्यानं, पोटातून, निवांत. नजर गौतमीवर, आणि पोटं भात्यासारखी वरखाली.

गौतमी पकडली गेली, धूळ झटकत त्यांच्याकडे आली. "काका, बाई कशा हैत?"

"या पोरी एवढा श्वास घेत्यात त्यो कुणी शिकवलाय?"

"बाईंनीच की. बचावाला उभं असलं की पोटभर श्वास घ्यायचा. तोंडाकडं बघायचं तिच्या. दम तिचा तुटायचाय, आपला न्हवं."

सर्जेराव तिथंच मटकन बसले. मालनला श्वास घ्यायला शिकवायचं कारणच नव्हतं. तिला फक्त मैदानाच्या दुसऱ्या बाजूला उभं करायचं होतं.

पण मग समोरून चढाईला येणार कोण? अतिदक्षता विभागात धुळीनं माखलेल्या मुलींना कोण सोडणार? आत जायची परवानगी एकट्या सर्जेरावांना होती. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, चपला काढल्या आणि गौतमीला म्हणाले, "पोरी, मला चढाई शिकव."

त्या संध्याकाळी गावानं जे पाहिलं त्यावर पुढची दहा वर्षं तरी करमणूक होणार हे नक्की होतं. सर्जेरावांनी त्याची पर्वा केली नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी डॉक्टरांना बेत सांगितला. सांगताना त्यांचे कान तापले होते. डॉक्टर बागवान नेहमीसारख्या शांतपणे ऐकत राहिल्या. "आधी दोष सापडला तो चित्रणात," त्या म्हणाल्या. "आता उपाय मैदानावर सापडला तर मला त्याची कसली लाज? फक्त दोन गोष्टी माझ्या. शिट्टी वाजणार नाही. मालनताईंना एवढंच सांगायचं की आज कधीतरी हवा बंद होईल, कधी ते विचारायचं नाही. आणि साखळीत त्यांच्याबरोबर मी उभी राहणार, म्हणजे माझा हात त्यांच्या नाडीवर राहील."

मालनला पलंगाच्या कडेवर बसवलं. पाय जमिनीला टेकलेले, कमरेला पेटी. शेजारी डॉक्टर, एका हातात मालनचा हात, दुसऱ्या हातात पेटीचा रिमोट. सर्जेराव दारात जाऊन उभे राहिले, पायजमा पोटऱ्यांवर दुमडून.

"हे काय सोंग?" मालन म्हणाली.

"दार माझी रेषा," सर्जेराव म्हणाले. "पलंग तुझं अंगण. मी येतोय. धरून दाखव."

त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि निघाले. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." आवाज किनरा. सलाइनच्या खांबाला वळसा घालून त्यांनी पलंगाकडे एक पाय टाकला आणि भिऊन मागे घेतला. बाहेर काचेपाशी दोन नर्स तोंडावर हात घेऊन उभ्या होत्या.

मालनच्या पाठीचा कणा ताठ झाला. मेल्या माणसाला उठवील असला गलथानपणा तिच्या डोळ्यांसमोर चालला होता. "डॉक्टर, हात असा सैल धरा," ती कुजबुजली. "घट्ट धरला की हिसका बसतोय. त्यांच्या व्हटाकडं बघा. आणि श्वास घ्या, पोटभर, असा..." तिनं घेऊन दाखवला.

"असा?" डॉक्टरांनी विचारलं.

"आणखी खाली. पोटातनं. हां. घेत ऱ्हावा."

सर्जेरावांचा दम तिसऱ्या पावलालाच संपत आला. ते माघारी वळणार एवढ्यात मालननं दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट पकडलं. तिची पकड अजून लोखंडी होती. "बाद!" ती ओरडली. "पाय कोण असा टाकतंय? जावा, परत या."

ते परत गेले. परत आले. परत बाद. चौथ्यांदा ते डावीकडून आले, पाचव्यांदा उजवीकडून, आणि प्रत्येक वेळी मालन त्यांच्या चुका सांगत होती, डॉक्टरांना शिकवत होती, हसत होती, आणि हसायला लागतो तेवढा श्वास ओढत होती. तिचं पोट वरखाली होत होतं. कपाळावर घाम होता. सर्जेराव पडद्याकडे बघत नव्हते. त्यांनी स्वतःला बजावलं होतं की बघायचं नाही.

"मालनताई," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज आज पहिल्यांदा हळू राहिला नव्हता. "काकांची दुसरी चढाई झाली तेव्हापासून पेटीतली हवा बंद आहे."

मालननं खाली बघितलं. पेटीवरचा हवेचा दिवा विझलेला होता. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आत काहीतरी दचकलं असावं, कारण हनुवटी हळूहळू छातीकडे जायला लागली आणि मोकळ्या हाताची बोटं फाकली. पोट थांबलं. डॉक्टरांचा अंगठा रिमोटवर सरकला.

सर्जेराव तेव्हा दाराला टेकून धापा टाकत होते. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, गुडघ्यांत कळ होती. त्यांनी उरलासुरला श्वास गोळा केला आणि पुन्हा निघाले. "कबड्डी, कबड्डी..." पलंगाशी येऊन त्यांनी चक्क मालनच्या खांद्याला टिचकी मारली, कप्तानासारखी. "गडी मारला!" असं ओरडून ते वळले.

तीस वर्षांत खराडेंच्या घरात असला उद्धटपणा कुणी केला नव्हता. मालननं एक सणसणीत श्वास ओढला, साऱ्या खोलीला ऐकू येईल असा. "जातोस कुठं!" ती गरजली. नवऱ्याला अरे म्हटलं हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिनं वाकून त्यांचा घोटा धरला, आणि सर्जेराव फरशीवर बसकण मारून पडले. मग तिनं दुसरा श्वास घेतला, आणि तिसरा, आणि पुढचे कुणी मोजले नाहीत.

पडद्यावरचे आकडे जागच्या जागी उभे होते. डॉक्टर बागवान मान वळवून डोळे पुसत होत्या. बाहेरच्या नर्सनी टाळ्या वाजवल्या, आणि मग आपण कुठे आहोत ते आठवून थांबल्या.

सर्जेराव फरशीवरच होते, भिंतीला पाठ लावून. तोंड उघडं, चेहरा पांढरा, छाती लोहाराच्या भात्यासारखी हलते आहे. मालननं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग डॉक्टरांकडे वळून, एका दमात, मध्ये कुठेही न थांबता म्हणाली, "डॉक्टर, ही पाव्हणी आता माझ्या कमरेची सोडा आणि ह्यांच्या कमरेला बांधा, न्हाईतर मला एकटीला चहा प्यायला लागंल."

सर्जेरावांना त्यावर काहीतरी चांगलं उत्तर द्यायचं होतं, पण त्यांना बोलायला श्वास पुरला नाही.